आजोबांची .३१५ रायफल: नवा स्टॉक टाकू का जुनंच लाकूड सुधारू? (ठाणे)

नौपाडेकर:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सल्ला मनापासून हवाय. आमच्या आजोबांची इशापूर कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल आता माझ्या नावावर आलीये. गाव पाटण तालुक्यात, तिथे भुईमुगात रानडुकरं घुसायची म्हणून आजोबांनी ७४ साली लायसन्स काढलं होतं. आम्ही लहान असताना रात्री माळ्यावर बसून ते हवेत एक बार काढायचे आणि सगळं शिवार जागं व्हायचं, तो आवाज अजून कानात आहे. सत्तरी उलटल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं की आता तुझ्या नावावर कर, मग वारसा हक्कात अर्ज केला, बरीच कागदपत्रं झाली आणि यंदा फेब्रुवारीत ठाणे कमिशनरेटकडून लायसन्स हातात आलं. सगळं कायदेशीर आहे, त्याची काळजी नको.

आता रायफलीची अवस्था. लोखंड बरं आहे, नळीवर दोनतीन ठिकाणी तपकिरी गंजाचे ठिपके. लाकूड मात्र पार काळं पडलंय, जिथे हात धरतो तिथे तर डांबरासारखं. फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या, मागच्या टोकाला केसाएवढी चीर आहे आणि मुख्य म्हणजे दस्ता (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) हलतो, फार नाही पण दोन्ही हातांनी पिळला की कट् असा बारीक आवाज येतो.

गेले दोन महिने रोज रात्री व्हिडिओ बघतोय. तिकडे अमेरिकेत लोक जुन्या मिलिटरीच्या ली-एनफिल्ड, माउझर घेतात आणि काय एकेक करतात, नळी आखूड करतात, काळा प्लास्टिकचा स्टॉक लावतात, स्कोप बसवतात, वरून मातकट रंगाचं कोटिंग. मला पण तसं काहीतरी करायचंय. वागळे इस्टेटला मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे आणि त्याच्या शेजारीच पावडर कोटिंगवाला, म्हणजे नळी चारेक इंच कमी करणं आणि कोटिंग दोन्ही एका दिवसात होईल असं मित्र म्हणतो. स्टॉक बाहेरून मागवायचा का इथल्या सुताराकडून अक्रोडाचा करून घ्यायचा? आणि तोवर दस्ता हलतोय तो बटप्लेट (दस्त्याच्या मागची पट्टी) काढून आतून लांब स्क्रू ड्रायव्हरने मीच कसतो, त्यात काही विशेष नाही ना?

वाशीचा_वकील:
नौपाडेकर, मित्राला आजच्या आज फोन करून नाही म्हणून सांगा. कळकळीने लिहितोय कारण चांगल्या घरातली माणसं अशा गोष्टीत अडकलेली मी पाहिली आहेत.

१९५९ च्या आर्म्स ऍक्टचं कलम ६ वाचा, नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याचं वेगळं लायसन्स असल्याशिवाय कुणालाच करता येत नाही. तुमचं लायसन्स रायफल बाळगायचं आहे, कापायचं नाही. कलम ५ मध्ये शस्त्र बनवणं, विकणं यासोबत दुरुस्ती करणं आणि बदल करणं हेही येतं, म्हणजे लेथवाला मित्र कितीही कुशल असला तरी त्याने हत्याराला हात लावणंच बेकायदेशीर. कोटिंगवाल्याचंही तेच. तुम्ही रायफल त्याच्या दुकानात ठेवून चहा प्यायला गेलात तर तेवढा वेळ ते शस्त्र विनापरवाना माणसाच्या ताब्यात आहे, हे पोलिसांना समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

अमेरिकेतले व्हिडिओ अमेरिकेत ठीक. त्यांचा कायदा वेगळा, आपला वेगळा. इथे मिलिटरीची जुनी रायफल दुकानात जाऊन विकत घेणं हा प्रकारच नाही, .३०३ तर प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या माणसाला बंदी असलेलं माप. तुमची .३१५ नॉन-प्रोहिबिटेड आहे म्हणून तुमच्या घरात आहे.

जे काही करायचं ते लायसन्सधारक आर्म्स डीलर किंवा गनस्मिथकडेच, पावती घेऊन. स्कोपसाठी ऍक्शनला (गोळी भरून झाडणाऱ्या लोखंडी भागाला) भोकं पाडायची असतील तर आधी लायसन्स ब्रँचला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. लायसन्सवर लिहिलेला नंबर आणि रायफलीवरचा नंबर कुठल्याही कामात पुसट होता कामा नये, पुढच्या रिन्यूअलला आणि निवडणुकीत हत्यार जमा करायला जाल तेव्हा तो ताडून बघतात.

हवालदार_खारघर:
राम राम. मी लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती विभागात आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, चोवीस वर्षं याच कामात गेली. वकीलसाहेबांनी कायद्याचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी फक्त दस्त्याचं सांगायला लिहितोय.

बाळा, तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेव. दस्ता आतून कसू नकोस. अगोदर ऐक.

तुझ्या .३१५ ची ऍक्शन ली-एनफिल्डचीच आहे. इशापूरला १९०४ पासून रायफल फॅक्टरी, तिथे पिढ्यान् पिढ्या एसएमएलई (ली-एनफिल्डचीच आखूड लष्करी रायफल) बनली, आणि ब्रिटिशांनी साध्या माणसाला .३०३ ची बंदी केली कारण चोरलेली मिलिटरीची गोळी कुणाच्या घरातल्या बंदुकीत बसायला नको. म्हणून त्याच ऍक्शनवर वेगळ्या गोळीची रायफल काढली, आठ मिलिमीटरची, मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखरची गोळी. तीच तुझी .३१५. त्यामुळे लाकडाची जोडणीही एनफिल्डसारखी दोन तुकड्यांत, मागे दस्ता आणि पुढे फोरएंड, मध्ये लोखंडी सॉकेट. दस्ता एका लांब बोल्टने सॉकेटमध्ये ओढून बसवलेला असतो. आता खरी गोम इथे आहे. एसएमएलईत त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते सॉकेटमधून आरपार पुढे येऊन फोरएंडच्या मागच्या तोंडाला बसवलेल्या एका पट्टीत अडकतं, बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून. फोरएंड जागेवर असताना तू मागून बोल्ट फिरवलास की ते चौकोनी टोक आत फिरतं आणि फोरएंडचं मागचं तोंड उभं फाडतं. तू लिहिलंयस की तिथे केसाएवढी चीर आहे. मला वाटतं कुणीतरी हे आधी एकदा केलेलं आहे, गावातल्या एखाद्या मिस्त्रीने चांगल्या मनाने केलं असेल. तुझ्या रायफलीत ती पट्टी आहे का नाही हे फोरएंड उतरवल्याशिवाय कळणार नाही, म्हणून आधी फोरएंड, मग दस्ता. कायम. रिक्रूटला आम्ही हे पहिल्या दिवशी शिकवायचो.

दुसरं, फोरएंडच्या मागच्या टोकाला आतल्या बाजूने दोन छोट्या लाकडी भिंती असतात, त्यांना ड्रॉज म्हणतात. बार काढला की सगळी ऍक्शन मागे धक्का मारते तो या अंगठ्याच्या नखाएवढ्या लाकडावर येतो. त्या जागेला तेल मुरून लाकूड मऊ झालं किंवा घासून फट पडली की रायफल फोरएंडमध्ये पुढेमागे सरकते, गोळ्या एका जागी पडत नाहीत आणि पुढे लाकूड चिरत जातं. माणसं नळीला दोष देतात, स्कोप बदलतात, आणि दुखणं असतं या दोन भिंतींत. गनस्मिथकडे नेशील तेव्हा त्याला पहिलं हे बघायला सांग, आणि त्याच्या समोर बसून राहा.

नवा प्लास्टिकचा स्टॉक लावायचा असेल तर तुझी मर्जी, पण तयार मिळतात ते एसएमएलईच्या किंवा नंबर ४ या नंतरच्या ली-एनफिल्डच्या मापाचे, तुझ्या स्पोर्टिंगला जसेच्या तसे बसतीलच असं नाही, मग कुणीतरी ते बसवायला लोखंड घासणार. जुनं लाकूड चांगल्या जातीचं आहे, पन्नास वर्षं मुरलेलं. ते टाकू नकोस.

आजोबांच्या जुन्या गोळ्या डब्यात असतील तर त्या वापरू नकोस, डीलरला विचारून रीतसर जमा कर. आणि चामड्याच्या कव्हरात रायफल ठेवत असशील तर आजच बाहेर काढ, ठाण्याच्या पावसात चामडं ओल धरतं आणि लोखंडाला खातं. तुझे तपकिरी ठिपके बहुतेक तिथूनच आले.

नौपाडेकर:
काका, वाचून हात कापायला लागले खरंच. स्क्रू ड्रायव्हर मी कालच आणून ठेवला होता, बारा इंची. आणि हो, रायफल चामड्याच्याच कव्हरात होती, आजोबांनी कोल्हापूरहून शिवून आणलेलं. बाहेर काढली आत्ता. ठिपके बरोबर तिथेच आहेत जिथे कव्हरची शिवण टेकते.

नळीचा विषय मी सोडला, मित्रालाही सांगितलं, त्याला पण माहीत नव्हतं. पण मग कस्टमाइझ म्हणजे काय करू? नुसतं पुसून ठेवायची का?

दहा_मीटर_ऐरोली:
मी एअर रायफल शूट करते, स्टेटपर्यंत खेळले आहे, तर थोडं वेगळ्या बाजूने लिहिते. कस्टमाइझ म्हणजे दिसणं बदलणं असं व्हिडिओवाल्यांनी डोक्यात भरवलंय, आमच्या खेळात कस्टमाइझ म्हणजे हत्यार तुझ्या अंगाला बसवणं. दस्त्याची लांबी बरोबर हवी, गाल टेकवला की डोळा आपोआप साइटच्या रेषेत यायला हवा, मान वाकवायला लागू नये. माझ्या स्टॉकचे सगळे तुकडे मी तीन महिने मिलिमीटर मिलिमीटर सरकवत होते.

आणि हे ब्रिटिशांनाही कळलं होतं हां, एसएमएलईचे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे यायचे, लॉंग, नॉर्मल, शॉर्ट आणि सगळ्यात आखूड बँटम, आणि लाकडावर एल, एस, बी अशी अक्षरं मारलेली असायची. सैनिकाच्या हातानुसार दस्ता. तू उंच असशील तर मागे रबराचा पॅड चढवता येतो, रबरी मोज्यासारखा, स्क्रू न मारता. गालाला चामड्याची पट्टी लेस बांधून लावतात, तीही काढता येते. काहीच कापायला लागत नाही आणि उद्या कुणाला मूळ रूपात हवी तर पाच मिनिटात मूळ रूप.

स्कोपबद्दल माझं स्पष्ट मत, नको. वर्षातून दोनचार वेळा रेंजवर जाणार असशील तर आधी आहे त्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या खुणेवर) आणि साइटवर हात बसू दे. आमचे सर पहिले सहा महिने साइटला हातच लावू देत नव्हते. घरी सराव करायचा असेल तर .१७७ ची वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल घे, तिला लायसन्स लागत नाही, श्वास आणि चाप ओढणं दोन्ही त्यावर शिकता येतं.

जुनी_नाणी_जुनी_शस्त्रं:
इतिहासाचं थोडं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लाखो ली-एनफिल्ड, माउझर, स्प्रिंगफिल्ड सैन्यांना नकोशा झाल्या आणि स्वस्तात बाजारात आल्या. अमेरिकेत तर १९६८ चा कायदा येईपर्यंत टपालाने रायफल घरपोच यायची. लोकांना हरणाच्या शिकारीला हलकी बंदूक हवी होती, नवी परवडत नव्हती, मग करवतीने पुढचं लाकूड कापायचं, वरचं हँडगार्ड फेकायचं, नळी आखूड करायची, झाली शिकारी रायफल. याला स्पोर्टराइझ करणं म्हणतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने हाच धंदा व्यवस्थित केला, त्यांच्या काही रायफली खरंच देखण्या आहेत. पण घरच्या घरी करवत चालवलेल्याच जास्त. आज तेच लोक उलट दिशेने फिरतायत, कापलेल्या रायफलीला पुन्हा मूळ लांबीचं लाकूड शोधत हिंडतात, मूळ लाकूड रायफलीपेक्षा मिळायला कठीण झालंय. व्हिडिओत ही अर्धी गोष्ट दाखवत नाहीत.

आपल्याकडे तर हे आणखी जवळचं आहे. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने हीच जुनी ऍक्शन नव्या ७.६२ गोळीसाठी मजबूत पोलादात बनवली, टू-ए आणि मग टू-ए-वन नावाच्या रायफली, म्हणजे १९०७ च्या डिझाइनला साठ वर्षांनी नवा जन्म. तुमची रायफल त्याच कारखान्यातली, त्याच काळातली. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच बरखास्त झालं आणि इशापूर नव्या कंपनीखाली गेलं. म्हणून म्हणतो, दस्त्यावर किंवा सॉकेटवर जे काही ठसे असतील त्यांचा आधी जवळून फोटो काढा, मगच फडकं लावा.

रंधा_पटाशी_पनवेल:
लाकडावर मी बोलतो, आमचा तीन पिढ्यांचा फर्निचरचा धंदा.

पॉलिशपेपर लावू नका. हे मी अनुभवातून सांगतोय, चुलत्यांच्या डबल बॅरलचा दस्ता मी विशीत असताना मशीनवर घासला, अर्ध्या तासात आरशासारखा झाला आणि जोडायला गेलो तर लोखंडाच्या कडेपेक्षा लाकूड सगळीकडून दीड दोन मिलिमीटर खाली गेलेलं. लोखंड वर आणि लाकूड खाली, भांड्यावर लहान झाकण ठेवल्यासारखं. चुलते काही बोलले नाहीत पण त्यांनी ती बंदूक परत भिंतीवर लावली नाही. लाकूड घासून गेलं की परत येत नाही.

काळं पडलंय ते लाकूड नाही, ते पन्नास वर्षांचा घाम, बंदुकीचं तेल आणि धूळ. ते बाहेर ओढायचं. खडूची बारीक पूड आणि ऍसिटोनची इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट पेस्ट करा, दस्त्यावर बोटभर थापा, वाळू द्या. पांढरी पूड तपकिरी होत जाते, लाकडातलं तेल तिच्यात चढतं. मऊ ब्रशने झाडा, परत थापा. तीनचार वेळा लागेल. खिडक्या उघड्या ठेवून करा आणि जवळ गॅस, देवाचा दिवा काही नको, ऍसिटोनची वाफ पेट घेते. रायफल सोबत नको, फक्त उतरवलेलं लाकूड.

दाबलेले खड्डे असतील तर ओलं सुती फडकं घडी करून खड्ड्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा, वाफ आत गेली की दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले तंतू येत नाहीत, फक्त दबलेले. जिथे ठसे असतील तिथे मात्र इस्त्री नको, ठसा म्हणजेही दाबलेलं लाकूडच, तोही वर येईल आणि पुसला जाईल.

मग जवसाचं तेल. पीयू पॉलिश नको, वॉर्निश नको, त्याचा वर पापुद्रा बसतो आणि पुढच्या पावसाळ्यात पांढरा पडून सुटतो. ब्रिटिश सैन्यातही कच्चं जवसाचं तेलच लावायचे. रंगाच्या दुकानात मिळतं ते बॉइल्ड, त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात, लवकर वाळतं. घाण्याचं कच्चं तेल हळू मुरतं पण रंग फार सुंदर येतो, अक्रोडाला आतून लाली चढते. चार थेंब तळव्यावर घ्या आणि हात गरम होईपर्यंत चोळा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, चिकट राहिलं म्हणजे जास्त झालं. आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्याला एकदा, मग वर्षभर महिन्याला एकदा.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना स्वतःच तापतं आणि बोळा असेल तर आपोआप पेटतं. आमच्या ओळखीच्या एका वखारीत रात्रीत भुसा पेटला तो अशाच बोळ्याने. पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

हवालदार_खारघर:
पनवेलकरांनी अगदी कारखान्यातल्यासारखं सांगितलंय. एकच जोड, ड्रॉजच्या त्या दोन भिंतींना आणि सॉकेटमध्ये जाणाऱ्या टोकाला तेल नको, तिथलं लाकूड कडक राहायला हवं. नळीच्या ठिपक्यांवर पातळ तेल टाकून रात्रभर ठेव आणि सकाळी चार शून्याच्या (सगळ्यात बारीक) स्टील वूलने हलक्या हाताने, वर्तुळात नाही, लांबीच्या दिशेने. नळीचा मूळ काळा रंग निघायला लागला की थांब. ठिपक्याची खूण राहिली तरी राहू दे, गंज जिवंत नसला म्हणजे झालं.

नौपाडेकर:
सगळ्यांना अपडेट द्यायचं राहिलं, मधे पाच आठवडे गेले. लायसन्स ब्रँचला अर्ज देऊन विचारलं, त्यांनी लायसन्सधारक गनस्मिथकडून दुरुस्ती करून पावती ठेवायला सांगितलं. मुंबईतल्या एका जुन्या आर्म्स डीलरकडे घेऊन गेलो, त्यांचे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. मी काकांनी लिहिलेलं सगळं सांगितलं तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, कुणी सांगितलं हे तुम्हाला, आजकाल कुणी विचारत नाही.

फोरएंड उतरवल्यावर पट्टी होती. आणि तिच्या बाजूने लाकूड आतून वरपर्यंत फाटलेलं होतं, बाहेर दिसत होती ती फक्त शेवटची केसभर. काका, मी बोल्ट फिरवला असता तर दोन तुकडे हातात आले असते. ड्रॉजही मऊ झाले होते, नखाने दाबलं तर खूण उमटत होती. मिस्त्रींनी तेवढाच भाग पटाशीने चौकोनी काढून कडक लाकडाच्या दोन पट्ट्या बसवल्या, चिरेत सरस भरून तीन दिवस शिकंज्यात ठेवलं. आता दस्ता पिळला तर आवाज नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. नळी जिथे लाकडात बसते त्या खाचेत लाल माती निघाली, घट्ट बसलेली, वाळून वडीसारखी झालेली. आमच्या शेताची माती. मिस्त्री ब्रशने झाडणार होते, मी थांबवलं आणि कागदात पुडी बांधून घरी आणली. आईने बघितली आणि काही न बोलता देवघरात ठेवली.

लाकूड घरी साफ केलं, खडूची पूड चार वेळा. तिसऱ्या वेळी दस्त्याच्या डाव्या बाजूला चाकूने कोरलेलं वि. स. वर आलं, आजोबांची अक्षरं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हती, काळ्या थराखाली होती. जवसाचं तेल घाण्याचं आणलंय गोखले रोडवरून, आज नववा हात. आमच्या इथे पावसामुळे वाळायला वेळ लागतोय, एक हात द्यायचा तर तीनतीन दिवस थांबायला लागतंय, पंख्याखाली ठेवतो. ते चालेल ना? का पाऊस थांबेपर्यंत राहू देऊ?

प्लास्टिकचा स्टॉक नाही मागवत. ऐरोलीच्या ताईंनी सांगितला तो रबरी पॅड मात्र घेतला, माझे हात आजोबांपेक्षा लांब आहेत.

रंधा_पटाशी_पनवेल:
तीन दिवस म्हणजे उत्तम मुरतंय, घाई करू नका. पंखा चालेल, उन्हात मात्र ठेवू नका. वि. स. च्या खाचेत तेल साचू देऊ नका, काडीला कापूस गुंडाळून टिपून घ्या. आणि फडकी?

नौपाडेकर:
फडकी बाल्कनीत दोरीवर, एकेक वेगळं पसरून. वाळली की पाण्यात बुडवून मग कचऱ्यात.

हवालदार_खारघर:
शाब्बास. रेंजवर पहिला बार काढलास की पाच गोळ्यांचा टार्गेटचा कागद इथे टाक. ड्रॉज कसे बसलेत ते मला त्यावरून कळेल.